मुखांतील द्विज

चिंचवडास पवनेच्या कांठीं श्रीमोरया गोसावींच्या समाधिमंदिरीं संध्याकाळचें जाऊन बसण्याचा आमचा फार दिवसांचा परिपाठ आहे. गांव आतां गांव राहिलें नाहीं. १९८२ सालीं महानगरपालिका झाली, चोहोंकडे कारखाने उभे राहिले, आणि ज्या वाटेनें आमचे तीर्थरूप पायीं स्टेशनावर जात, ती वाट ओलांडावयाची म्हणजे आज देवाचें नांव घेऊनच पाऊल टाकावें लागतें. तरी माघांत आणि भाद्रपदांत मोरगांवास जाणारी पालखी अद्यापि निघते, आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसलें असतां नदीवरून येणारा वाराहि येतो. मात्र तो पूर्वीसारखा नेहमींच सुखकर असतो, असें म्हणवत नाहीं.

गेल्या माघांत, पालखीच्या गडबडीच्या दिवसांत, आमच्या धाकट्या बंधूंची नात मनू आमच्याबरोबर देवळांत आली होती. वय नऊ वर्षें. गजाननाच्या मूर्तीकडे बराच वेळ टक लावून पाहिल्यावर तिनें हळूच विचारलें, "आजोबा, बाप्पाचा सुळा मोडला, तर मग नवा कां नाहीं आला?"

परशुरामाच्या परशूची कथा तिला ठाऊक होती. ती तिच्या पणजीनें म्हणजे आमच्या मातोश्रींनीं तिला दहा वेळां सांगितली असेल. तिचा प्रश्न पुराणाचा नव्हता, शरीरशास्त्राचा होता. आणि तो तिनें कां विचारला, हेंहि आम्हांस पुरतेपणीं ठाऊक होतें. तें कारण आमच्या कुटुंबास फारसें भूषणावह नाहीं. तथापि तें पुढें सांगणार आहों, कारण त्याकरितांच हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम सुळ्याविषयीं. हत्तीच्या ज्या दांतास आपण सर्वजण सुळा म्हणतों, तो वस्तुतः सुळा नव्हेच. हत्तीस सुळे मुळींच नसतात. वरच्या जबड्यांत पुढच्या बाजूस जे पटाशीचे दांत असतात, त्यांपैकीं दोन्हीकडचा एक एक वाढत वाढत बाहेर येतो, आणि त्यालाच हस्तिदंत म्हणतात. गंमत अशी कीं, हत्तीच्या पिलासहि प्रथम दुधाचे लहानसे दांत येतात, ते सुमारें वर्षाचे आंत पडतात, आणि त्यांच्या जागीं हे मोठे दांत येतात. हे मात्र जन्मभर वाढत राहतात. टोंक मोडलें तर मुळाकडून वाढ चालूच राहते. मूळ शाबूत नसेल तर तो दांत गेला तो गेलाच. तेव्हां मनूच्या प्रश्नाचें शास्त्रोक्त उत्तर असें, कीं परशूचा घाव कोठें लागला होता त्यावर तें अवलंबून आहे.

आतां देवाच्या पायाशीं बसलेल्या वाहनाकडे पाहा. उंदराचे पुढचे दांतहि पटाशीचेच आणि तेहि जन्मभर वाढणारे. त्यांच्या पुढच्या अंगास तेवढें कठीण कवच असतें, मागचें अंग त्या मानानें मऊ. म्हणून कुरतडतांना मागची बाजू अधिक झिजते आणि पुढची धार आपोआप लागत राहते. सुताराची पटाशी नेमकी याच तऱ्हेनें एका अंगानें घासून तयार करतात. उंदीर आपलीं पुस्तकें कुरतडतो तें केवळ दुष्टपणानें नव्हे; न कुरतडील तर दांत वाढून त्याचें तोंड मिटणार नाहीं. आपल्याकडे मुलांचा पडलेला दांत उंदराच्या बिळांत टाकून "तुझा दांत मला दे, माझा तुला घे" असें म्हणण्याची जी चाल आहे (कोठें तो कौलांवर फेंकतात, कोठें तुळशींत पुरतात), तिच्यामागें कोणा चतुर आजीबाईचें निरीक्षण असलें पाहिजे. मागावयाचाच तर न झिजणारा दांत मागावा! मूषकाकडे तो आहे आणि मूषकाच्या धन्याकडेहि आहे. आपल्या मुखीं मात्र देवानें तशी सोय ठेविलेली नाहीं.

आपल्या दांतांचें संस्कृत नांव 'द्विज'. पक्षीहि द्विज, कारण तो एकदां अंड्याच्या रूपानें जन्मतो व एकदां अंडें फोडून. मौंजीबंधनानें दुसरा जन्म होतो म्हणून आम्हां मंडळींसहि द्विज म्हणतात. आणि दांत एकदां दुधाचा येतो, पडतो, व पुनः कायमचा येतो, म्हणून तोहि द्विज. हा श्लेष ऐकून आमच्या लहानपणीं आम्ही मोठे खूष होत असूं. परंतु तोंडांतील सगळेच दांत द्विज नाहींत, ही गोष्ट श्लेषाच्या नादांत विसरते, आणि येथेंच घात होतो.

जुन्या वैद्यांच्या लक्षांत ती गोष्ट आली होती. काश्यपसंहिता हा बालकांच्या चिकित्सेचा आपला प्राचीन ग्रंथ. त्यांत दांतांच्या जन्माविषयीं एक स्वतंत्र अध्यायच आहे. मनुष्यास दांत बत्तीस, त्यांपैकीं आठ एकदांच जन्मणारे, आणि उरलेले चोवीस द्विज, असा तेथें हिशेब दिला आहे. आजच्या शास्त्राची मोजणी थोडी निराळी पडते. दुधाचे दांत वीस, म्हणून पडून पुनः येणारे वीसच. आणि एकदांच येणारे बारा, म्हणजे खालींवर, उजवीडावीकडे, प्रत्येक कोपऱ्यांत तीन तीन दाढा. जुन्या व नव्या हिशेबांत चारांचा फरक राहतो. चार म्हणजे प्रत्येक कोपऱ्यांत एक. ही आमची केवळ अटकळ आहे, पण ती चवथी वस्तु म्हणजे सहाव्या वर्षीं येणारी पहिली दाढ असावी, असें आम्हांस वाटतें. कारण ती येते त्याच सुमारास पुढचे दुधाचे दांत पडूं लागलेले असतात. घरांत सगळ्यांचें लक्ष त्या पुढच्या खिंडारांकडे. आणि ही मागच्या मागें, कोणाचेंहि कांहीं न पाडतां, मुकाट्यानें उगवते. तिलाहि द्विजांत धरण्याची चूक फार जुनी असेल तर आमच्या घरीं ती झाली यांत नवल तें काय, असें म्हणून आम्ही स्वतःचें समाधान करून घेतों. परंतु तें समाधान फार वेळ टिकत नाहीं.

बत्तीस दांतांची ओळख करून घ्यावयाची तर स्वयंपाकघराकडे पाहावें. पुढचे आठ, चार वर व चार खालीं, हे पटाशीचे दांत. यांचें काम विळीचें: पेरूचा लचका, भाकरीचा तुकडा, काकडीची फोड तोडणें. वरचे दांत खालच्यांवर किंचित् पुढें येऊन मिटतात, आणि म्हणून कात्रीच्या दोन पात्यांसारखे चालतात. वरच्या मधल्या दोहोंना आपले वैद्य राजदंत म्हणत, आणि त्यांचा थाटहि राजासारखाच. हंसतांना प्रथम दर्शन त्यांचें. बोलण्यांतहि त्यांचें राज्य आहे. त, थ, द, ध, न हे वर्ण दंत्य कां, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आमच्या मातोश्री कवळी काढून ठेवल्यावर अथर्वशीर्ष म्हणतात तेव्हां ऐकावें. पाठ अक्षरशः बिनचूक. पण तकारांची जी झड तेथें लागते, ती हिरड्यांवरून घसरत जाते. 'चार' मधला च त्यांना नीट येतो, 'चारा' मधला च येत नाहीं, कारण पहिला टाळूचा आणि दुसरा दांतांच्या आधारानें उठणारा. वकारास वैयाकरणांनीं दंतोष्ठ्य म्हटलें, त्यांच्या कानांचें आम्हांस अशा वेळीं मोठें कौतुक वाटतें.

पटाशीच्या दांतांलगत दोन्हीकडे एक एक, मिळून चार, ते सुळे. वाघाकुत्र्यांत ते शस्त्र आहेत. आपल्यांत ऊस सोलण्यापुरतें तें शस्त्र उरलें आहे. मात्र यांचें मूळ सर्वांत लांब आणि हाडांत खोल रुतलेलें. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडांत शेवटचे दोनचार दांत राहिलेले दिसतात ते बहुधा हेच. त्यांच्या मागें उपदाढा, आठ. यांच्या माथ्यावर बहुधा दोन उंचवटे असतात आणि यांचें काम खलबत्त्याचें. चिरडणें, अजून दळणें नव्हे. लहान मुलांस उपदाढा नसतात. दुधाच्या दाढा पडतात त्यांच्या जागीं दहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान या उपदाढा येतात, आणि त्या आधींच्या दाढांहून लहान असतात. मोठ्याच्या जागीं धाकटें येऊन बसावें, असें शरीरांत सहसा घडत नाहीं. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आणि मग दाढा. यांस जातें म्हणावें. रुंद माथा, त्यावर चार-पांच उंचवटे, उंचवट्यांमध्यें खाचा. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेंत बसतो, आणि जबडा आडवा फिरला कीं दाणा दळला जातो. मुळें खालच्या दाढेस दोन, वरचीस बहुधा तीन. कारण वरच्या जबड्याचें हाड त्या मानानें पोकळ व विरळ असतें. पुढच्या दांतांनीं जी सुपारी फुटणार नाहीं ती दाढेखालीं कां फुटते, हें अडकित्ता हातीं घेतला म्हणजे कळतें. सुपारी अडकित्त्याच्या टोंकाशीं धरली तर हात दुखतो. बिजागरीच्या जवळ धरली तर सहज कातरते. जबड्याची बिजागरी कानापुढें आहे. तिच्या जितकें जवळ तितका दाब अधिक. गालावर तळहात ठेवून दाढा आवळून पाहाव्या; जो स्नायु टणक होऊन हातास लागतो, त्याच्याच अगदीं समोर ही पहिली दाढ असते. दळण्याचा मुख्य भार तीच वाहते.

आमच्या लहानपणीं वाड्यांत पाथरवट येई. "जात्याला टाकीऽऽ" अशी त्याची आरोळी ऐकूं आली कीं वहिनी जातें पुढें करीत. तो छिन्नीनें टिच टिच करीत झिजलेल्या तळीस पुनः खरवड आणून देई, आणि जातें आणखी वर्षभर चाले. दाढेस अशी टाकी लावतां येत नाहीं. दांताच्या वरचें जें चकचकीत कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, तें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य. शंभरांत सुमारें शहाण्णव भाग निव्वळ खनिज. पण तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात. हाड मोडलें तर सांधतें, कातडें फाटलें तर भरून येतें. एनॅमलचें एकदां भोंक पडलें कीं तें शरीर कधींहि बुजवूं शकत नाहीं. हत्तीनें याहि बाबतींत आपणांवर कडी केली आहे. त्याच्या प्रत्येक बाजूस आयुष्यांत एकामागून एक सहा दाढा येतात, त्याहि खालून नव्हे तर मागून. झिजलेली पुढें सरकून पडते आणि मागची तिची जागा घेते. सहावी झिजली म्हणजे मात्र त्या वृद्ध गजास चारा चावतां येत नाहीं, आणि त्याचा अंत जवळ येतो.

अक्कलदाढेविषयीं पुष्कळ लिहितां येईल. पण तिनें आजवर कोणास अक्कल दिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. सतरा ते पंचवीसच्या दरम्यान ती येते, कित्येकांस येतच नाहीं, आणि आली तर जागेअभावीं आडवी पडून त्रास देते. तिला येथेंच सोडूं.

एनॅमल घडण्याचा जो काळ, त्याची नोंद मात्र दांतांत कायमची राहते. दुधाच्या दांतांचीं टोंकें बाळ गर्भांत चार महिन्यांचें असतांच घडूं लागतात. पहिली कायमची दाढ, तीच जी सहाव्या वर्षीं दिसते, तिची घडण जन्माच्या सुमारासच सुरू होते. इतकेंच नव्हे, जन्मसमयीं शरीरास जो धक्का बसतो त्याची एक सूक्ष्म रेषा दुधाच्या दांतांत आणि या दाढेंत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसते. ज्योतिष्यानें मांडलेली पत्रिका चुकीची असूं शकेल. ही पत्रिका स्वतः प्रकृतीनें मांडलेली असते.

ती वाचणारे लोक आपल्या पुणें जिल्ह्यांतच झाले. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांचीं नांवें त्या कामाशीं निगडित आहेत. तेथें तीन हजार वर्षांहून जुनी, जवाची शेती करणाऱ्या लोकांची वस्ती सांपडली. त्या लोकांची एक चाल अशी कीं, लहान मूल गेलें तर दोन रांजण तोंडाशीं तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत त्यास निजवीत, आणि घराच्या जमिनीखालींच पुरीत. मूल घराबाहेर जाऊं नये, अशीच त्यांची भावना असावी, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. हाडें मऊ असतात, तीं पुष्कळदां विरून जातात, दांत राहतात. त्या मुलांच्या दांतांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेंतील डॉ. जॉन लुकाक्स यांनीं केला. दुधाच्या सुळ्याच्या पुढच्या अंगावर कोठें कोठें टांचणीच्या डोक्याएवढा एक खळगा असतो, तेथें एनॅमल पातळ असतें किंवा नसतेंच. तो सुळा घडत असतांना, म्हणजे जन्माच्या आगेंमागें, त्या बाळाचें पोषण नीट झालें नव्हतें किंवा त्यास आजार झाला होता, याची ती खूण. तीन हजार वर्षांपूर्वींच्या एका आईचें दूध कोणत्या महिन्यांत आटलें असावें याचा अंदाज आज तिच्या बाळाच्या सुळ्यावरून काढावा, हें वाचलें त्या रात्रीं आम्हांस लवकर झोंप लागली नाहीं.

आतां मनूची गोष्ट.

मागल्या वर्षीं श्रावणांत ती एका बाजूनेंच जेवते, असें सूनबाईंच्या लक्षांत आलें. तेव्हां मनू आठ वर्षांची. उजवीकडे, खालीं, मागें एक दाढ किडलेली दिसली. मातोश्री म्हणाल्या, "अगं, दुधाची दाढ ती. पडेल नि नवी येईल. तुझ्या सासऱ्यांच्या सगळ्या किडल्या होत्या." सूनबाईंचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं, त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्ही घरांतील वाचणारे-लिहिणारे, या मासिकांत शास्त्राच्या चार गोष्टी सांगणारे! आम्हीं चष्मा लावून दाढेकडे पाहिलें आणि निर्वाळा दिला कीं होय, दुधाचीच. अजून तर पुढचे दांत पडताहेत, दाढांची पाळी यावयाची आहे. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा. बोळा ठेवला. ठणका राहिला. ठणका राहणें म्हणजे दुखणें बरें होणें नव्हे, दांताच्या आंतील जीव मेला म्हणजेहि ठणका राहतो, हें आम्हांस त्या वेळीं माहीत असावयास हवें होतें.

भाद्रपदांत, घरीं गणपति बसलेले, आणि ऋषिपंचमीच्या सकाळीं मनूचा उजवा गाल एवढा सुजला कीं डोळा अर्धा मिटला. अंगांत ताप. डॉक्टरांनीं औषध दिलें, सूज उतरली. जिच्यामुळें अशा सुजा आज उतरतात त्या पेनिसिलिनाचा कारखाना आमच्या शेजारींच, पिंपरीस, १९५४ सालीं उभारलेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्यें निघाला. त्याच्या आधींच्या पिढींत जबड्यांतील पुवानें माणसें दगावत, हें मातोश्रींनीं स्वतः पाहिलें आहे. परंतु औषधानें सूज उतरते, कीड उतरत नाहीं. म्हणून विसर्जन आटोपल्यावर तिला दांताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्या वयानें आमच्या मुलीहून लहान. त्यांनीं छोटासा आरसा तोंडांत घातला, मधल्या दांतापासून मागें मोजीत गेल्या, आणि थांबल्या.

"आजोबा, ही दुधाची नाहीं. ही पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षीं आलेली."

आम्हीं कांहीं वाद घातला असें नाहीं, पण "नक्की ना?" असें विचारलें खरें. त्यांनीं मोजून दाखविलें. दुधाचे दांत प्रत्येक कोपऱ्यांत पांचच असतात. मधल्या दांतापासून मागें मोजतांना पांचाच्या पुढें जो सहावा लागेल तो कधींहि दुधाचा नसतो. इतकी सोपी गोष्ट, एका हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी, आणि आमच्या बारा माणसांच्या घरांत ती एकासहि ठाऊक नव्हती. दाढ हिरडीपर्यंत पोखरली होती, मुळांशीं हाडहि धरलें होतें. ती ठेवण्याजोगी राहिली नव्हती. एक आशेची गोष्ट त्यांनीं सांगितली: बाराव्या वर्षाची दुसरी दाढ अजून हाडांतच आहे, या वयांत पहिली काढली तर ती पुढें सरकून पुष्कळशी जागा भरून काढण्याचा संभव असतो. चित्र काढून त्यांनीं तें दाखविलें, आणि दरवर्षीं आणून दाखवा म्हणून बजावलें.

दाढ काढतांना मनू रडली नाहीं. कापसाचा बोळा चावीत, कागदाची पुडी मुठींत घट्ट धरून ती रिक्षांत आमच्या शेजारीं बसली. घराजवळ आल्यावर बोळा सांवरीत म्हणाली, "आजोबा, ही उंदराला द्यायची ना? नवी केव्हां येईल?"

सूनबाईंनीं खिडकीबाहेर पाहिलें. आम्हीं "घरीं गेल्यावर बघूं" असें उत्तर दिलें. माघांतल्या प्रश्नाचें मूळ तें हें.

चूक कोणाची, याचा ऊहापोह आमच्या घरीं पुष्कळ झाला. मातोश्रींनीं दोन दिवस जेवतांना कोणाशीं भाषण केलें नाहीं. वास्तविक त्यांनीं जें सांगितलें तें त्यांच्या आजीनें त्यांना सांगितलेलें. निर्वाळा आमचा होता. आमच्या पिढीच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, आमच्या लहानपणीं ही दाढ इतकी किडत नव्हती. जेवण झालें कीं आंचवणें, खळखळून चुळा भरणें, ही घरची शिस्त होती. मधल्या वेळीं तोंड चालतच नसे. दांतांवरील जंतु साखर खाऊन आम्ल करतात आणि तें आम्ल एनॅमल विरघळवितें. साखर एका वेळीं किती खाल्ली यापेक्षां दिवसांतून किती वेळां खाल्ली, यावर कीड अवलंबून असते. लाडू एकदां खाऊन चूळ भरणारें पोर सुरक्षित. शाळेच्या गाडींत, अभ्यास करतांना, पडद्यापुढें बसून एक एक बिस्किट चघळणारें पोर नव्हे. परंतु जुनें तें सगळें सोनें, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. राखुंडीनें दांत पांढरे होत ते एनॅमल खरवडलें जाऊन. आणि मशेरीनें आपल्याकडील किती बायांच्या हिरड्या व गाल नासले, याची गणतीच नाहीं. तंबाखूच ती, भाजलेली म्हणून औषध होत नाहीं.

सहाव्या वर्षाच्या दाढेचें संकट विशेष कां, हें डॉक्टरीणबाईंनीं समजावून दिलें तें येथें लिहून ठेवतों. ती पुरती वर येण्यास कित्येक महिने घेते. तोंवर तिचा माथा शेजारच्या दुधाच्या दाढेहून खालीं असतो, आणि पुढून मागें फिरविलेला ब्रश तिच्यावरून पुलासारखा निघून जातो, तिला स्पर्शहि करीत नाहीं. म्हणून त्या काळांत गालाकडून आडवा ब्रश घालून तेवढी एक दाढ वेगळी घांसावी लागते, आणि तें काम सहा वर्षांच्या मुलाकडून होत नाहीं. आईनें, आजीनें किंवा रिकामटेकड्या आजोबांनीं करावें लागतें. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दाढेच्या माथ्यावरील खाचा नव्या असतांना अतिशय खोल व अरुंद असतात. ब्रशाचा केस त्यांत शिरत नाहीं, पण जंतु शिरतात. दाढ वर आली कीं त्या खाचांवर एक पातळ लेप भरून त्या बुजवितां येतात. त्यास सुई लागत नाहीं, यंत्रानें कोरावें लागत नाहीं, आणि वेळ फार थोडा लागतो. पिंपरी-चिंचवडांत दांताच्या डॉक्टरांच्या पाट्या आतां चौकाचौकांत आहेत, पिंपरीस तर दंतवैद्यकाचें महाविद्यालयहि आहे. तेव्हां सोय नाहीं ही सबब आम्हांस उरलेली नाहीं.

दुधाच्या दाढांचीहि हेळसांड करूं नये. त्या पडणाऱ्याच आहेत, पण दहा-अकरा वर्षांपर्यंत त्या मागून येणाऱ्या उपदाढांची जागा राखून बसलेल्या असतात. त्या आधींच काढाव्या लागल्या, तर ही सहाव्या वर्षाची दाढ पुढें सरकते आणि उपदाढांस वाट राहत नाहीं. मग दांत वेडेवांकडे आले म्हणून पुढें तारा बांधण्यास जो खर्च येतो, त्याचा आंकडा ऐकून आमचे बंधु कपाळास हात लावून बसले होते.

मनूची दाढ उंदरास दिली नाहीं. सौभाग्यवतींच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यांत ती कापसांत ठेविली आहे. मधून मधून मनू ती काढून पाहते, आणि जन्माच्या वेळची रेषा खरेंच आंत असेल का, असें विचारते. आहे, पण ती पाहावयास दाढ कापावी लागेल, असें सांगितल्यावर तिनें करंडा मिटून ठेवला.

तिच्या धाकट्या भावास चैत्रांत साडेपांच वर्षें पुरीं झालीं. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मनू त्यास माजघरांत पाटावर बसविते, आमच्या हातीं बॅटरी देते, आणि त्यास मोठा 'आ' करावयास लावून बोटानें मोजूं लागते. पोर वळवळतें, बोट चावतें, पुनः मोजणी पहिल्यापासून. परवां खालच्या उजव्या बाजूस एक, दोन, तीन, चार, पांच झाले आणि तिचें बोट पांचाच्या पुढें हिरडीवर थांबलें.

"येथें टणक लागतंय, आजोबा," ती म्हणाली, "बॅटरी जरा इकडे धरा."